माहेरचं काडतूस

वन्सं, तुमच्यावर मी भयंकर चिडले आहे.

नुसतं 'वन्सं' म्हटलं यातच तुम्हाला काय ते कळलं असेल. एरवी तुम्ही माझ्या मेधाताई, आणि सगळं अगं-तुगं. तुमच्या धाकट्या भावाशी लग्न करून मी आइंडहोव्हनला आले, तेव्हा विमानतळावरच तुम्ही बजावलं होतंत, "ते वन्सं-बिन्सं इथे चालायचं नाही. नणंद म्हणून वागवलंस तर मी नणंदेसारखीच वागेन." मग आपलं ठरूनच गेलं. गोडी असली की ताई आणि तू, भांडण असलं की वन्सं आणि तुम्ही. तुम्हीसुद्धा मग 'अनघा'ची 'वहिनीसाहेब' करायचात. मिलिंद फोनवरचा माझा पहिला शब्द ऐकूनच खोलीबाहेर सटकायचा. तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही, आणि रोज सकाळी उठून मी मनातल्या मनात 'वन्सं'नेच सुरुवात करते आहे.

अंत्यसंस्काराला लोक आले, कॉफी प्यायले, केकचा तुकडा खाल्ला, चांगलं चांगलं बोलून गेले. किती हुशार, किती धीराची, एकटीने परदेशात कसं नाव काढलं. एकानेही म्हटलं नाही, की बाई महाहट्टी होती, कोणाला शेवटचा शब्द म्हणून मिळू द्यायची नाही, आणि आर्नहेमच्या फ्लॅटमध्ये आंघोळीच्या टबात बंदुका धुवायची. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मिलिंदने हात दाबला म्हणून गप्प बसले.

बंदुका म्हणजे तुमच्या त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या रायफली, काळ्या दारूचं काडतूस घालून उडवायच्या. मी त्यांना कायम 'ठासणीच्या बंदुका' म्हणायचे आणि तुम्ही कायम सुधारायचात. "ठासणीची तोंडाकडून भरतात. ही मागून भरायची. ठासायची सवय तुला आहे अनघा, हिला नाही." रविवारी तुम्ही नेमबाजीच्या क्लबातून आलात की गॅसवर दोन आधणं चढायची, एक चहाचं आणि एक मार्टिनीचं, म्हणजे तुमच्या त्या लाडक्या रायफलीचं. काळ्या दारूची काजळी नळीत बसते, ओल धरते, सकाळपर्यंत गंज चढवते, म्हणून त्याच दिवशी उकळतं पाणी ओतायचं. आणि वन्सं, दर वेळी मार्टिनीचं आधण आधी उतरायचं, चहाचं मागाहून! मी नरसाळं धरून उभी, तुम्ही किटली धरून वाकलेल्या, आणि बाथरूमभर कुजक्या अंड्यांचा वास. एका दिवाळीत मी विचारलंसुद्धा होतं, "हिला उटणं लावू का?" तुम्ही इतक्या हसलात की अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलंत.

खरं म्हणजे तुमचं वेड बंदुकीचं नव्हतंच, पितळेचं होतं. धातुशास्त्र शिकायला इथे आलात, आर्नहेमच्या कंपनीत पाइपांना तडे का जातात ते शोधत नोकरी केलीत, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी काडतुसं भिंगाखाली धरून त्यांचे तडे बघत बसलात. विश्रांती म्हणून! मिलिंदचे साहेब आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बासुंदीची वाटी हातात घेऊन तुम्ही त्यांना काय सांगावं? तर इंग्रजांच्या अमलात आपल्याकडे काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे, आणि घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने पितळ आपोआप तडकायचं. साहेबांनी बासुंदी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. ते गेल्यावर मी ओरडले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताण आधीपासून आतच असतो गं. बाहेरचं नुसतं निमित्त होतं." ते तुम्ही पितळेबद्दल बोलत होतात की माझ्या-मिलिंदबद्दल, हे मी विचारायला हवं होतं. तेव्हा भांडी घासायची घाई होती.

आणि तो ताण होता, हे सगळ्यांत आधी तुम्हालाच कळलं होतं. जगातल्या बायका नवऱ्याशी भांडून माहेरी जातात, मी नवऱ्याच्या बहिणीकडे जायचे. डेन बॉशला गाडी बदलून आर्नहेमला उतरायचं, दारावरची बेल वाजवायची. तुम्ही काही विचारायचा नाहीत. "आज तू पाहुणी," म्हणायचात आणि गाठी झालेलं पिठलं करायचात. तुमच्यासारखं वाईट पिठलं मी आयुष्यात खाल्लं नाही आणि आता कोणी करून घालणारही नाही. मिलिंदचा फोन आला की तुम्ही त्याला सांगायचात, "ती झोपलीय." मी समोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेत असायचे.

माझं माहेर खडकी. माझे बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आमचं घर म्हणजे कारखान्याचं क्वार्टर. भोंगा झाला की आई भात लावायची. बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टरची किल्ली परत करावी लागली. मग भाड्याच्या दोन जागा झाल्या, आधी बाबा गेले, काही वर्षांनी आई गेली. मी एकुलती एक. आईचं सगळं उरकून पुण्याहून परत आले, ती सरळ तुमच्याकडेच. रडतसुद्धा नव्हते. "आता पुण्याला गेले तर माहेर म्हणून उतरू कुठे?" एवढंच विचारलं. तुम्ही उठलात. आतल्या खोलीत गेलात, तिजोरी उघडल्याचा आवाज आला, आणि येऊन माझ्या तळहातावर एक काळंकुट्ट, जड काडतूस ठेवलंत.

"हे घे," म्हणालात. "तुझं माहेर."

 तुम्ही भिंग दिलंत. काडतुसाच्या बुडावर इतका काळपट हिरवा थर होता, की दिसत काय होतं, तर एक बाणाचं टोक आणि बाजूला एक उभी रेघ. बाण सरकारी मालाचा, आणि उभी रेघ म्हणे 'के' या अक्षराची. 'के' म्हणजे किरकी, इंग्रजांनी आपल्या खडकीचं केलेलं किरकी. "तुझ्या बाबांच्या आधी तीन-चार पिढ्या कोणीतरी तिथे बसून हे भरलंय. क्वार्टर गेलं म्हणून काय झालं? हे आहे ना."

दुसरी कोणी असती तर गळ्यात पडली असती. मी म्हटलं, "वन्सं, उभ्या रेघेवरून 'के' कसं काय ठरवलंत? 'बी' असेल, 'डी' असेल, 'एच' असेल. विकणाऱ्याने तुम्हाला गंडवलंय."

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. बाकीच्या प्रत्येक काडतुसाखाली तुमच्या बारीक अक्षरातलं लेबल, कुठलं, कशाचं, कुठे मिळालं. एवढ्या एकाखाली काही नाही. मी विचारायचे, "इतकी खात्री आहे तर लेबल का नाही लावत?" तुम्ही म्हणायचात, "घरच्या माणसाला कोणी पाटी लावतं का?" मी म्हणायचे, "घरात चिंच आहे, मीठ आहे. देवाच्या तांब्यासारखं बूड घासते, दोन मिनिटांत काय ते कळेल." की लगेच तुम्ही तिजोरीला पाठ लावून उभ्या. "हात लावायचा नाही! ती घाण नाही, वय आहे ते. पुसलं की गेलं." बरं, मला घरीही न्यायची सोय नाही, कारण दारू भरलेली, परवाना तुमच्या नावाचा. तर त्यावर तुमचं उत्तर काय, "माहेर कधी कोणी पर्समध्ये घालून सासरी नेतं का?" असं बोललात की मला पुढे बोलता यायचं नाही, आणि बोलता आलं नाही की माझा जास्तच संताप व्हायचा.

त्यात तुमचे ते जुन्या हत्यारांचे बाजार. इथले झाले, बेल्जियमचे झाले, मग जर्मनीचे. आमच्याकडे गणपती, एकवीस मोदक उकडून बसलेय, आणि बाईसाहेब बेल्जियमला, लीजच्या बाजारात काडतुसं बघायला! "मोदक ठेव गं, रात्री येते." आलात, भिजून, हात हलवत. मी विचारलं, "काय मिळालं?" "काही नाही." "मग गेलात कशाला?" "बघायला." त्या रात्री मी मोदक गरम न करताच तुमच्यापुढे आपटले होते. तुम्ही खाल्लेत, आणि छान झालेत म्हणालात.

शेवटचा फोनही त्याच काडतुसावरून. बोलणं कुठून तिथे गेलं आठवत नाही, पण गेलं. मी नेहमीसारखी हटून बसले, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "बरं बाई, मी हरले असं समज, आणि रविवारी ये." मी म्हटलं, "समज-बिमज नाही. हरले म्हणा." तुम्ही हसलात. "ते समोर आलीस की बघू." आणि रविवार यायच्या आधीच तुम्ही गेलात. चालता चालता, ऑफिसच्या जिन्यात, कोणाला काही कळायच्या आत. अहो, ही काय भांडण सोडून जायची पद्धत झाली? मी आता कोणाकडून म्हणवून घेऊ?

परवा शनिवारी हेंक आला. हेंक म्हणजे तुमच्या क्लबातला तो उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. तुम्ही गेल्यावर परवाना संपला, तेव्हा पोलिसांनी मुदत दिली होती, त्याच्या आत सगळा संग्रह परवाना असलेल्या कोणाकडे तरी द्यायचा. हेंकने सगळी कागदपत्रं केली, तिजोरी उघडली, रायफली ब्लँकेटात गुंडाळल्या आणि काडतुसांचे खण जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. माझ्या डोळ्यांसमोर क्वार्टर रिकामं करायचा दिवस उभा राहिला. त्या दिवशीही परका माणूस यादीवर खुणा करत होता आणि आई चहा विचारत होती.

त्याची गाडी लांब लावलेली होती, खोकी आणायला मी त्याच्याबरोबर खाली गेले. घरात तुमच्या आई होत्या. पुण्याहून आल्यापासून त्या तुमच्या ओट्यापाशीच असतात, तुमचीच भांडी घासतात, तुमच्याच डब्यांतलं काहीबाही शिजवतात. आम्ही खोकी घेऊन वर आलो, तर सासूबाई सिंकपाशी उभ्या. आमटीसाठी भिजत घातलेल्या चिंचेचा वाडगा शेजारी. आणि त्यांच्या हातात, पदराने पुसत असलेलं, लखलखीत, लग्नातल्या समईसारखं, ते काडतूस.

"आई!" मी किंचाळलेच. "काय केलंत हे! दारू आहे त्यात!"

"अगं, बाकीच्यांना चिठ्ठ्या होत्या," त्या म्हणाल्या. "ह्या एकट्यालाच काही नव्हतं. बेवारशासारखं पडलं होतं बिचारं, काळं होऊन. माझ्या मेधाची वस्तू अशी कशी परक्याच्या घरी धाडू?"

 तुमचाच हट्ट, तुमचंच नाक, तुमचीच आई. हेंक खुर्चीवर बसला. मग त्याने हात पुढे केला, खिशातलं भिंग काढलं आणि काडतुसाचं बूड खिडकीकडे धरलं.

मी त्याच्या शेजारी उभी. इतक्या वर्षांचा निकाल हो! तुम्ही नव्हतात तरी मला जिंकायचं होतं, खोटं कशाला बोलू.

"दमदम," हेंक म्हणाला आणि भिंग मला दिलं.

बाण स्पष्ट होता. आणि उभ्या रेघेला चांगलं गरगरीत पोट होतं. 'डी'. कलकत्त्याजवळचं दमदम. वन्सं, ज्या माहेरावरून आपण इतकी डोकेफोड केली ते निघालं बंगालमध्ये! मला हसू फुटलं. मी हेंकला म्हटलं, "मी तिला पहिल्या दिवसापासून सांगत होते. एवढी भिंगं लावणारी बाई, आणि हे दिसलं नाही?"

हेंक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघायला लागला. त्याच्या त्या अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या डच बोलण्यात म्हणाला, "तिला माहीत होतं. हे घेताना मी तिच्याशेजारीच उभा होतो. तिने तिथेच भिंग लावलं, बूड उजेडात तिरपं धरून बराच वेळ बघितलं, म्हणाली डी आहे, दमदम, आणि तरी घेतलं. मी विचारलं, तुला तर किरकीचं हवं होतं ना? तर म्हणाली, किरकीचं मिळेपर्यंत हे. वहिनी उद्या येतेय, तिला उद्याच द्यायला हवं."

मी भिंग पुन्हा त्या 'डी'वर धरलं.

"मग आम्ही शोधत राहिलो," तो म्हणाला. "प्रत्येक बाजारात. एकदा लीजला किरकीचं निघालं, पण उभं चिरलेलं. ती म्हणाली, तडा गेलेलं नको, हे देण्यासारखं नाही. चांगलं मिळालं की ती गुपचूप बदलून ठेवणार होती, आणि मग तुला घासायला देणार होती." मग त्याने विचारलं, "ती याला दुसरंच काहीतरी नाव द्यायची. माहेर. मी सगळ्या नकाशांत शोधलं. भारतात माहेर नावाचा कारखाना कुठे होता?"

ताई, मी त्या माणसाला काय सांगू? डचमध्ये मला दूध, दही, हुइसआर्ट्सची, म्हणजे घरच्या डॉक्टरची, वेळ एवढं मागता येतं. आईवडिलांचं घर म्हणाले असते, पण ते तेवढंच थोडं असतं? जिथे कोणी काही विचारत नाही आणि गाठींचं पिठलं वाढतं, आणि नवऱ्याला फोनवर खोटं सांगतं, त्याला डचमध्ये काय म्हणतात? "तो कारखाना बंद झाला," एवढंच मी म्हटलं.

किती रागावू तुझ्यावर! म्हणजे गणपतीच्या दिवशी तू माझ्यासाठी पावसात भिजत होतीस, आणि मी तुझ्यापुढे थंड मोदक आपटले, आणि तू खाल्लेस! एकदा, एकदा तरी सांगायचं होतंस. "अनघा, हे खोटं आहे, खरं शोधतेय." मी हसले असते, चार दिवस चिडवलं असतं, मग तुझ्याबरोबर लीजला आले असते. छत्री धरली असती गं. पण नाही! स्वतः खोटं ठरायचं नाही, आणि माझं माहेरही खोटं ठरू द्यायचं नाही. म्हणून लेबल नव्हतं, आता कळलं. तोंडाने माझ्याशी बेधडक खोटं बोललीस, पण लेबलावर खोटं लिहायला तुझा हात उचलला नाही. समोर आले की हे सगळं सांगणार होतीस का, की अजून एक कोटी करून मला गप्प बसवणार होतीस? तुझा काही भरवसा नाही.

हेंकने पेन काढलं. "लेबलावर काय लिहू?"

"दमदम," मी म्हटलं. "तिला चुकीचं लेबल खपायचं नाही."

त्याने नीट अक्षरात लिहिलं, काडतूस खणात ठेवलं. त्या काळ्या रांगेत ते एकटंच चमकत होतं. खोकी खाली गेली, रायफली गेल्या, हेंकने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि गेला. गाडी वळेपर्यंत मी खिडकीत उभी राहिले. मागून तुझ्या आई आल्या, चिंचेचे हात पदराला पुसत.

"मी चुकीचं केलं का गं काही? तो बाबा एकदम खालीच बसला."

"नाही, आई. छान निघालं."

"कुठलं होतं ते एवढं?"

"खडकीचं," मी म्हटलं. ठासून म्हटलं.

"अगं बाई! म्हणजे तुझ्या माहेरचं!" त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा उजळला. आणि लगेच त्या माझ्यावर कावल्या, अगदी तुझ्यासारख्या. "मग दिलंस कशाला त्याला? मागून घ्यायचं नाही का? एवढंसं तर होतं!"

मी म्हटलं, ठेवता येत नाही, आई. परवाना ताईच्या नावावर होता.

मेधाताई, बाकीचंही सगळं तुझ्याच नावावर होतं.